खानसामा नसलेलं रेस्ट हाऊस

सिएटलकडच्या आमच्या मराठी मंडळींत लाँग वीकेंडचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. यलोस्टोन, ग्लेशियर, फार तर सीमा ओलांडून बान्फ. मग हॉटेलात मायक्रोवेव्ह आहे का, ब्रेकफास्ट फुकट आहे का, राइस कुकर न्यायचा की नाही. मी कुणाला हसत नाही. माझ्याही कुकरनं बरेच महामार्ग पाहिले आहेत. पण गेल्या काही वर्षांत आमच्या घराला भलतंच वेड लागलंय. जिथं वीज नाही, नळ नाही, संडास अंगणाच्या पलीकडे आहे, अशा जुनाट केबिन भाड्यानं घ्यायच्या, आणि त्या मिळाव्यात म्हणून सहा महिने आधी सकाळी कॉम्प्युटरसमोर टपून बसायचं.

या केबिन नॅशनल पार्कांत नसतात, नॅशनल फॉरेस्टांत असतात. पार्क म्हणजे जपून ठेवलेला निसर्ग. तो इंटिरिअर खात्याकडे. फॉरेस्ट मात्र शेतीखात्याकडे. 1905 साली फॉरेस्ट सर्व्हिस सुरू झाली ती या समजुतीवर, की झाड हेही एक पीक आहे. लावायचं, राखायचं, वेळ आली की तोडायचं. म्हणून नॅशनल फॉरेस्टात परवाना घेऊन लाकूडतोड चालते, गुरं चरतात, शिकार होते. या सगळ्यावर नजर ठेवायला रेंजर हवा आणि रेंजरला डोक्यावर छप्पर हवं. शहरापासून घोड्यावर दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या वाटेवर अशी छपरं उभी राहिली. पुढे रस्ते झाले, जीप आल्या, वायरलेस आला. रेंजर संध्याकाळी गावातल्या घरी जायला लागला आणि छपरं ओस पडली. काही पाडली, काही जाळून टाकली. उरलेल्यांतली बरीचशी आता तुम्हाआम्हाला भाड्यानं मिळतात, एका रात्रीचे साधारण 40 ते 100 डॉलर. सरकारी वेबसाइटवर पैसे भरायचे, कुलपाचा आकडा ईमेलनं येतो, आणि त्यानंतर सरकारचं तोंडही दिसत नाही.

पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला हे रेस्ट हाऊसच वाटलं. तिचंही बरोबर आहे, आम्ही मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्याचे.

"चौकीदार चांगला आहे ना तिथला?"

"चौकीदार नाहीये आई."

"मग स्वयंपाक कोण करतं?"

"आम्हीच. लाकडंही आम्हीच फोडायची. निघताना झाडून, पुसून द्यायचं."

जरा थांबून ती म्हणाली, "अन् पैसे वरून तूच देतेस?"

तिच्या डोळ्यांसमोर होतं ते मेळघाटातलं रेस्ट हाऊस. मोठे मामा जंगलखात्यात वनपाल होते, त्यामुळे लहानपणी आम्ही अशा एका बंगल्यावर जायचो. उंच छत, रुंद व्हरांडा, लांब हातांच्या आरामखुर्च्या, भिंतीवर गव्याची शिंगं. मागच्या बाजूला, मुख्य इमारतीपासून जरा तोडून, धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर. चौकीदार तिथून ताटं झाकून आणायचा. कोंबडी, भाकरी, पातळ वरण. त्याची बायको धुणी-भांडी करायची, पण व्हरांड्यात ती आलेली मला आठवत नाही. मामाही आत बसायचे नाहीत. साहेब नसले तरी ते पायरीशीच उभे राहून बोलायचे आणि रात्री झोपायला नाक्यावरच्या खोलीत जायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या बंगल्याची एकूण एक कौलं त्यांनी मोजून बदलून घेतली असतील, पण त्यातल्या पलंगावर ते एकदाही झोपले नाहीत. तेव्हा यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. बंगला साहेबांचा, हे गृहीतच होतं.

पुढे वाचताना कळलं की या दोन्ही जंगलखात्यांचं मूळ एका ठिकाणी जुळतं. फॉरेस्ट सर्व्हिसचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो. 1889 साली तो जंगलांचा अभ्यास करायला युरोपात गेला, कारण अमेरिकेत तेव्हा ते शिकवणारी शाळाच नव्हती. तिथं त्याला मार्ग दाखवला डिट्रिश ब्रँडिस या म्हाताऱ्या जर्मन गृहस्थानं. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांपासून सुरुवात करून ब्रँडिस 1864 साली हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला होता, आणि निवृत्त होऊन बॉनला राहत होता. त्यानंच पिंशोला फ्रान्समधल्या नान्सीच्या वनशाळेत पाठवलं, जंगलं हिंडवली. राखीव जंगल, परवाना, गस्त, रेंज हा सगळा कारभार त्यानं आधी आपल्याकडे बसवला होता. त्या हिशेबानं मोठे मामा आणि मोंटानातला रेंजर लांबचे गुरुबंधूच म्हणायचे. फरक बंगल्यात पडला. आपल्याकडे तो दौऱ्यावरच्या साहेबासाठी बांधला गेला, इकडे रेंजरला स्वतःच हातात कुऱ्हाड घेऊन बांधावा लागला.

मोंटानात बिटररूट नॅशनल फॉरेस्टमध्ये, वेस्ट फोर्क नदीच्या बाजूला, अल्टा रेंजर स्टेशन अजून उभं आहे. 1899 साली विल्करसन आणि टटल या दोन रेंजरांनी ते आपल्या हातांनी बांधलं. ओंडक्यांची एकच खोली. देशातलं सर्वांत जुनं रेंजर स्टेशन म्हणून ते दाखवतात. आत शिरल्यावर दोन माणसं, एक चूल आणि भिजलेली खोगिरं यांनी ही खोली कशी भरून जात असेल ते लगेच कळतं. व्हरांड्याचा प्रश्नच येत नाही.

सिएटलहून बिटररूटला जाताना आय-90 वर आयडाहोत वॉलेस नावाचं खाणकामगारांचं छोटं गाव लागतं. बहुतेक लोक तिथं पेट्रोल भरून पुढे जातात. थांबा. 1910 सालच्या ऑगस्टच्या 20 आणि 21 तारखेला या टापूत वारा सुटला आणि आधीच धुमसत असलेले शेकडो वणवे एक झाले. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल गेलं, 80 हून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर होते. वॉलेसचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. एड पुलास्की नावाच्या रेंजरनं आपल्या हाताखालच्या चाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंबलं आणि जो बाहेर पळेल त्याला गोळी घालीन म्हणून पिस्तूल रोखून तोंडाशी उभा राहिला. बहुतेक जण वाचले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असं जे हत्यार आज अमेरिकेतला प्रत्येक वणवा विझवणारा वापरतो, त्याला पुलास्कीच म्हणतात. बोगद्याकडे जाणारी पायवाट केलेली आहे, जाऊन-येऊन साधारण चार मैल चालावं लागतं.

त्या वणव्यानं फॉरेस्ट सर्व्हिसला असा धसका बसला की पुढची पन्नास वर्षं तिनं धुराशी वैर धरलं. शिखराशिखरावर टेहळणीच्या खोल्या बांधल्या. एकट्या आयडाहोत हजाराच्या आसपास होत्या. या खोल्यांना फायर लुकआउट म्हणतात, आणि भाड्यानं मिळणाऱ्या सगळ्या जागांत माझा जीव यांच्यावर.

आम्ही राहिलो ती लुकआउट बिटररूटमध्ये, सुला नावाच्या छोट्या वस्तीच्या वरच्या अंगाला. नाव मुद्दाम सांगत नाही, बुकिंग मिळणं आधीच मुश्कील आहे. गाडी खाली ठेवून शेवटची चढण पायी. पाणी वर नाही, म्हणून माणशी दिवसाला चार-पाच लिटरच्या हिशेबानं पाठीवरून न्यायचं. चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद अशी एक खोली, चारी बाजूंनी काचा. 1930 च्या सुमाराला हा नमुना ठरला आणि मग शेकड्यांनी तशाच खोल्या झाल्या. कापून तयार केलेल्या फळ्या, खिडक्या, खिळे यांचे गठ्ठे बांधायचे, खेचरांवर लादायचे आणि शिखरावर नेऊन जोडायचे. फळीची लांबी किती, हे शेवटी खेचराच्या पाठीवरच ठरायचं. खिडक्यांवर लाकडी झडपा आहेत. त्या उन्हाळ्यात वर उचलून टेकू लावला की छज्जा होतो, हिवाळ्यात खाली सोडल्या की खोली पेटीसारखी बंद. नवऱ्यानं आणि मी मिळून एकेक झडप उचलली. पूर्वी हे काम एकटा माणूस करायचा.

खोलीच्या मधोमध कमरेइतक्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर एक गोल लोखंडी तबकडी आहे. तिच्यावर आजूबाजूच्या डोंगरांचा नकाशा चिकटवलेला, आणि नकाशाचा मध्यबिंदू म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा. तबकडीभोवती अंशांच्या खुणा केलेलं कडं फिरतं. कड्याच्या एका टोकाला बारीक फट, समोरच्या टोकाला उभा ताणलेला केस. हे ऑस्बॉर्न फायर फाइंडर. फॉरेस्ट सर्व्हिसमधल्याच ऑस्बॉर्न नावाच्या माणसानं 1910 नंतरच्या काही वर्षांत ते बनवलं. दूर कुठं धूर दिसला की फटीला डोळा लावायचा, कडं फिरवत केस बरोबर धुरावर आणायचा आणि अंश वाचून टेलिफोनवर सांगायचे. एवढ्यानं फक्त दिशा कळते. दुसऱ्या शिखरावरच्या माणसानंही आपले अंश कळवले की कचेरीत नकाशावर दोन रेघा ओढायच्या. छेदतात तिथं आग. आमची लेक दिवसभर त्या कड्याशी खेळत होती. खाली रस्त्यावरच्या गाड्यांची धूळ, एक ढग आणि माझ्या चहाची वाफ, या सगळ्यांचे अंश तिनं वहीत मांडले. दहावीच्या भूमितीत जे मला कुणी समजावू शकलं नव्हतं ते तिला जेवणाच्या आत समजलं.

कोपऱ्यात एक बुटकं स्टूल आहे, चारही पायांना जाड काचेच्या वाट्या बसवलेलं. तारेच्या खांबांवर असायच्या तशा. मी आधी ते शोभेचं समजले. विजा कडाडायला लागल्या की टेहळ्यानं या स्टुलावर बसायचं किंवा उभं राहायचं. शिखरावरची एकुलती एक उंच वस्तू म्हणजे ही खोली, वीज पडणार ती इथंच. छपरावरून चार कोपऱ्यांतून तांब्याच्या तारा जमिनीत उतरवलेल्या असतात. तरीही नियम होता की वादळात लोखंडी चुलीला हात लावायचा नाही आणि काचेवर उभं राहून वीज कुठं कुठं पडते ते टिपून घ्यायचं. जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो, तीच कामाची वेळ. 1913 साली कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ जंगलात हॅली डॅगेट ही पहिली बाई या कामावर घेतली. तिला हे झेपेल का, अशी शंका होती. पुढे पंधराच्या आसपास उन्हाळे तिनं त्या शिखरावर काढले.

हे सगळं बघताना कौतुक वाटतं, पण एक गोष्ट खटकतेही. 1935 साली नियम झाला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. टेहळे आपल्या कामात इतके तरबेज झाले की जंगलाला लहान आगी मिळेनाशा झाल्या. इथल्या पाँडेरोसा पाइनला दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग हवी असते. जाड सालीमुळे तो स्वतः जगतो, खालचं झुडूप, काटक्या जळून जातात. ते थांबलं, रान माजलं, सरपण साठत गेलं. सन 2000 च्या उन्हाळ्यात बिटररूटमध्ये तीन लाखांहून जास्त एकर जळालं. ईस्ट फोर्क नदीच्या पात्रात दोन एल्क (इकडची मोठी हरणं) उभे आहेत आणि मागचा सगळा डोंगर पेटलाय, हा फोटो तुम्ही कुठं तरी पाहिलेला असणार. तो इथलाच, सुलाजवळचा. आमच्या काचांतून समोरच्या उतारावर अजून करड्या खोडांच्या रांगा दिसतात, आणि त्यांच्या पायाशी डोक्याइतक्या उंचीची नवी पाइन. बांधकामाला कमालीची दाद द्यावी, आणि ज्या धोरणासाठी बांधलं ते चुकलं होतं हेही त्याच काचेतून पाहावं, अशा जागा फार नसतात.

हे बांधलं कुणी? बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच येतं, सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर. 1933 साली, मंदीत, रूझवेल्टनं बेकार पोरांना जंगलात कामाला लावलं. महिन्याला 30 डॉलर, त्यातले 25 परस्पर घरी. 1942 पर्यंत सुमारे 30 लाख पोरं यातून गेली. 72 च्या दुष्काळात आपल्याकडे जी रोजगार हमीची कामं निघाली त्यांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. आमच्याकडच्या पाझर तलावांवर खडी फोडणाऱ्यांची नावं नाहीत, इकडेही नाहीत. एका गार्ड स्टेशनच्या, म्हणजे जुन्या वनचौकीच्या, तुळईवर मात्र कुणीतरी खिळ्यानं आपल्या गावाचं नाव कोरलंय, पार पूर्वेकडचं. घरापासून इतक्या लांब आलेल्या त्या पोराला हा डोंगर आवडला असेल की नाही कोण जाणे. कोपऱ्यातला ओंडक्याचा सांधा मात्र त्यानं असा बसवलाय की नव्वद वर्षांनीही त्यात पोस्टकार्ड शिरत नाही.

सुलाजवळ इंडियन ट्रीज नावाचं कॅम्पग्राउंड आहे. तिथल्या काही जुन्या पाइनांच्या बुंध्यांवर पुरुषभर उंचीचे लांबट व्रण आहेत, कडा आत वळलेल्या, मधलं लाकूड उघडं. वसंतात बाहेरची साल काढून आतला गोडसर थर खायचा, ही इथल्या मूळच्या सेलिश लोकांची रीत. त्या खुणा त्यांच्या. हे खोरं त्यांचं होतं. चार्लो या त्यांच्या प्रमुखानं सोडून जायला वर्षानुवर्षं नकार दिला, शेवटी 1891 साली उपासमारीनं आणि सैन्याच्या दबावानं उरलेल्या लोकांना घेऊन तो उत्तरेला रिझर्व्हेशनवर, म्हणजे सरकारनं नेमून दिलेल्या जागेत, गेला. त्याच 1891 साली राष्ट्राध्यक्षाला जंगलं राखीव करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि 1897 मध्ये बिटररूट राखीव झालं. 'इथं कुणीच राहत नव्हतं' असं वाटायला लावणारी ही शांतता आहे, ती अशी तयार झालेली आहे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं वाघांसाठी हलवली, तेव्हा मामा निवृत्त झाले होते. त्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "गेली खरी." जास्त बोलले नाहीत. केबिनच्या दारावर बांधकामाचं साल असलेली पाटी असते. व्रणांच्या झाडांना ते कधीचे, हे सांगणारी पाटी क्वचितच दिसते.

आता व्यवहाराचं. जाणार असाल तर उंदीर गृहीत धरा. इकडच्या डिअर माऊसच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस पसरतो, म्हणून गेल्या गेल्या खराटा घेऊन झाडायला लागू नका. ही आपली सवय इथं घातक आहे. आधी दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या, मग ब्लीचचं पाणी फवारून ओल्या फडक्यानं पुसा. डाळ-तांदूळ स्टीलच्या डब्यांत. फोडणीचा वास गादीला लागतो आणि पुढच्या माणसाला तो भोगावा लागतो, म्हणून आम्ही तिथं फोडणी करत नाही. खिचडीवर कच्चं तेल आणि लसणाची चटणी, भागतं. स्वतःचा कचरा स्वतः खाली न्यायचा. लाकडं जितकी जाळली तितकी फोडून रचून ठेवायची. पहिल्या खेपेला नवरा कुरकुरला, कारण त्याच्या मते सुट्टीत माणसानं लोळावं. दुसऱ्या दिवशी तो न सांगता कुऱ्हाड घेऊन बाहेर होता. ज्यांना खरंच लोळायचं आहे त्यांनी हॉटेलातच जावं, त्यात कमीपणा नाही. पण अलीकडे अशा जागी पांढऱ्या चादरी, दिव्यांच्या माळा आणि कॉफीचं मशीन नेऊन तिला 'अनुभव' बनवण्याची जी टूम निघाली आहे ती मला सोसत नाही. त्यात पुन्हा मागल्या दारानं खानसामा येतो, फक्त आता त्याचे पैसे अ‍ॅपवरून जातात.

भाड्याचे पैसे जातात कुठं, याचंही उत्तर आहे. 2004 च्या कायद्यानं या शुल्कातला किमान 80 टक्के भाग जिथं गोळा झाला तिथंच खर्च करायचा असतो. छपराच्या फळ्या, चुलीची नळी, संडास उपसणं त्यातून होतं. वणवा जवळ आला तर फायर क्रू येऊन अख्खी केबिन अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत कापडात गुंडाळतात. काही वाचतात, काही नाही. ज्या इमारतीला काम उरलेलं नाही ती टिकवायला सरकारकडे सहसा पैसे नसतात. भाडेकरू आले म्हणून ही टिकली. आईला हा हिशेब सांगितला, तर तिचं म्हणणं असं की चौकीदाराचा पगार वाचवायला सरकारनं शोधलेली ही युक्ती आहे. तेही अगदीच खोटं नाही. खात्याकडे माणसं कमी आहेत, हे कुणीही रेंजर सांगेल.

माणूस नाही, त्याची जागा भरून काढते ती टेबलावरची वही. प्रत्येक केबिनमध्ये असते. आपल्या रेस्ट हाऊसच्या रजिस्टरात नाव, हुद्दा, येण्याचं कारण, 'व्यवस्था उत्तम' आणि सही असायची. इथं लोक काय वाटेल ते लिहितात. सूर्यास्ताची वर्णनं बहुतेक सारखीच, ती मी गाळते. मला आवडतात त्या कामाच्या नोंदी. चुलीच्या नळीची झडप पूर्ण बंद करू नका, धूर आत येतो. ओढ्याचं पाणी ऑगस्टनंतर आटतं, वरच्या वळणावर बघा. पलंगाखालच्या फळीत भोक आहे, उंदीर तिथून येतो, आम्ही डब्याचं झाकण ठोकलंय, किती टिकेल माहीत नाही. त्याखाली दुसऱ्याच अक्षरात: टिकलं नाही. आम्ही नवं झाकण ठोकलं, लोणच्याच्या बरणीचं. वहीत लेकीनं लिहिलं की उत्तरेकडच्या खिडकीची कडी सैल आहे, पेचकस आणा, चपट्या तोंडाचा.